उतारवयातलं बद्धकोष्ठ: फायबर वाढवूनही पोट साफ का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंचं वय ७६. गेले पाच-सहा महिने तीन-तीन, चार-चार दिवस संडासला होत नाही; होतं तेव्हा खडे होतात आणि खूप कुंथावं लागतं. 'फायबर वाढवा' असं सगळीकडे वाचून घरच्यांनी एकाच आठवड्यात गव्हाचा कोंडा, कच्च्या भाज्यांचं सॅलड आणि रात्री झोपताना दोन मोठे चमचे इसबगोल सुरू केलं. आता पोट फुगतं, भूक मेली आहे आणि त्रास आधीपेक्षा वाढला आहे. गुडघेदुखीसाठी ट्रामाडॉल, शिवाय लोह, कॅल्शियम आणि रक्तदाबाची वेरापामिल ही गोळी चालू आहे. पाणी त्या कमीच पितात. फायबर अजून वाढवायचं का, असं तुम्ही विचारलं आहे.

आत्ता वाढवू नका. उलट कोंडा आणि इसबगोल दोन्ही काही दिवस थांबवा. आधी हे पाहायला हवं की गुदाशयात मळाचा घट्ट गोळा अडकून बसला आहे का. चार-चार दिवस संडास नाही, पोट फुगलेलं, भूक गेलेली आणि त्यात वरून चोथा वाढवलेला, हे वाचून मला पहिली शंका तीच आली. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी एखाद्या मिनिटात होते. संकोचामुळे ती राहून जाते. रुग्णाला बोलवत नाही आणि डॉक्टरही कधी कधी घाईत विषय टाळतात. तुम्ही स्वतःहून विचारा. गोळा सापडला तर तो आधी औषधाने, एनिमाने किंवा हाताने मोकळा करावा लागतो. पुढची वाट बंद असताना मागून भर घालत राहिलं तर ती साचतच जाते.

इथे एक फसवं लक्षण सांगून ठेवतो, कारण त्यात मोठी माणसं नाहक भोगतात. बरेच दिवस संडास नाही आणि मग अचानक पातळ, पाण्यासारखी संडास सुरू होते, कपड्यांना डाग लागतात. घरच्यांना वाटतं जुलाब लागले. प्रत्यक्षात घट्ट गोळ्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपत असतो. असे एक आजोबा माझ्याकडे आणले होते. घरच्यांनी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी दिलेली, आजोबा असंबद्ध बोलत होते, लघवी तुंबून ओटीपोट वर आलेलं. सगळ्यांना वाटत होतं डोक्यात काहीतरी झालं. गुदाशय दगडासारख्या मळाने भरलेला होता आणि त्यानेच मूत्रमार्ग दाबला गेला होता. तो मोकळा केल्यावर लघवीही सुटली आणि एक-दोन दिवसांत बोलणंही ताळ्यावर आलं. म्हणून बद्धकोष्ठानंतर लागलेल्या 'जुलाबां'ना तपासणी केल्याशिवाय थांबवायची गोळी देऊ नका.

आता मूळ मुद्दा. रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे ही समजूत अनेकांच्या मनात इतकी घट्ट बसलेली असते की एक दिवस चुकला की रेचक घेतलं जातं. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, इथपर्यंत सगळं स्वाभाविक धरतात. किती वेळा होतं यापेक्षा कसं होतं हे मी आधी विचारतो: खडे होतात का, जोर करावा लागतो का, झाल्यावरही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं का. डॉक्टर यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात मळाचे सात प्रकार दाखवलेले आहेत. पहिला म्हणजे सुटे कडक खडे, दुसरा खड्यांचाच गोळा, तिसरा आणि चौथा चांगला बांधलेला मऊ मळ, सातवा निव्वळ पाणी. सासूबाईंचा मळ पहिल्या-दुसऱ्या प्रकारात बसतो. त्याचा अर्थ मळ मोठ्या आतड्यात फार वेळ रेंगाळतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं. वयाने आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी काही प्रमाणात कमी होतात, गुदाशय भरल्याची जाणीव मंदावते, ओटीपोटाचे स्नायू सैल पडतात. पण नुसतं वय झालं म्हणून बद्धकोष्ठ होत नाही. जवळपास नेहमीच त्याच्या जोडीला औषधं, कमी हालचाल, कमी खाणं किंवा दुसरा एखादा आजार असतो.

सासूबाईंच्या बाबतीत मी फायबरच्या आधी गोळ्यांच्या पिशवीकडे बघेन. तुम्ही लिहिलेल्या चारही औषधांनी संडास घट्ट होते. ट्रामाडॉल अफूवर्गातलं आहे. ही औषधं आतड्याची लाटेसारखी पुढे ढकलणारी हालचालच मंद करतात. अशा वेळी चोथा वाढवणं उपयोगाचं तर नसतंच, उलट त्रासाचं होतं, कारण भर वाढते आणि ढकलणारं कोणी नसतं. वेरापामिल तर बद्धकोष्ठासाठी कुप्रसिद्धच आहे. रक्तदाबाला दुसरे पर्याय असतात. लोहाची गोळी खरंच लागते का आणि लागत असेल तर एक दिवसाआड चालेल का, हे विचारा. कॅल्शियम कार्बोनेटने कॅल्शियम सायट्रेटपेक्षा पोट जास्त धरतं. शिवाय नैराश्य आणि नसांच्या दुखण्यावरचं अॅमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन, सर्दी-खाजेवरच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, अॅल्युमिनियम असलेली आम्लपित्तावरची औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, उलटीवरचं ओन्डान्सेट्रॉन हीसुद्धा याच कारणासाठी तपासायची. यातलं एकही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. वेरापामिल तर नाहीच, कारण ते कधी कधी हृदयाच्या ठोक्यांसाठीही दिलेलं असतं. सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि 'यातल्या कशाने पोट घट्ट होतं, त्याला पर्याय आहे का' एवढं स्पष्ट विचारा. त्याच भेटीत थायरॉइड, रक्तातली साखर, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन पाहून घ्या. थायरॉइड कमी असणं, मधुमेह, रक्तात कॅल्शियम वाढणं आणि पार्किन्सन्स या सगळ्यांत बद्धकोष्ठ होतं. पार्किन्सन्समध्ये तर हाताचा कंप दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून.

फायबर म्हणजे अन्नातला असा भाग जो लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यात तसाच पोचतो. १९७० च्या दशकात डेनिस बर्किट या सर्जनने आफ्रिकेतल्या अनुभवावरून चोथ्याचं महत्त्व जगाच्या डोक्यात भरवलं आणि ते बरंच झालं. मात्र लोकांच्या लक्षात 'चोथा' तेवढा राहिला. सगळा चोथा एकसारखा वागत नाही, हे मागे पडलं. बद्धकोष्ठासाठी फायबरकडून एकच काम हवं असतं: त्याने पाणी धरून ठेवावं आणि ते अगदी गुदाशयापर्यंत सोडू नये, म्हणजे मळ मऊ राहतो आणि त्याला आकारमानही येतं.

हे काम इसबगोल सगळ्यांत चांगलं करतं. एका काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर इसबगोलाची भुशी ढवळा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. पाण्याचा दाट, थरथरणारा गर होतो. ग्लास तिरका केला तर तो एकसंध सरकतो. आतड्यातले जिवाणू हा गर फारसा खाऊ शकत नाहीत, त्यामुळे तो जवळपास तसाच शेवटपर्यंत जातो आणि गॅसही कमी होतो. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ साली दीर्घकालीन बद्धकोष्ठावर जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही पूरक फायबरपैकी परिणामाचा पुरावा असलेलं म्हणून इसबगोलच पुढे येतं. हाच ग्लास धोकाही दाखवतो. हा गर पाण्याशिवाय घशात किंवा अन्ननलिकेत फुगला तर अडकतो. रात्री झोपताना, दोन घोट पाण्याबरोबर, आडवं होण्याआधी इसबगोल घेणं मला बिलकूल मान्य नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. दिवसा, ताठ बसून, भरलेल्या ग्लासातून लगेच प्यायचं आणि वर आणखी थोडं पाणी प्यायचं. गिळताना ठसका लागतो, लकवा होऊन गेला आहे, अन्ननलिका किंवा आतडं कुठे अरुंद आहे, अशांना इसबगोल देऊच नये. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर त्या गरात अडकून औषध कमी शोषलं जातं.

गव्हाच्या कोंड्याची गोष्ट वेगळी. तो पाणी फारसं धरत नाही. त्याचे जाड, खरबरीत कण आतड्याच्या अस्तराला घासतात, त्यामुळे आतडं पाणी आणि बुळबुळीत स्राव सोडतं. फायदा होतो तो त्यातून. तोच कोंडा बारीक दळला की हे घासणं संपतं, आणि बारीक कोंड्याने मळ उलट घट्ट झाल्याचं दिसलेलं आहे. ज्यांचं आतडं आधीच मंद आहे आणि पाणी कमी आहे अशा वयस्कांना मी कोंडा सुचवत नाही. इन्युलिनसारखे, पाकिटावर 'प्रीबायोटिक' लिहिलेले विरघळणारे पदार्थ आतड्यातले जिवाणू चटकन आंबवतात. जिवाणूंचं पोषण होतं हे खरं, पण तोवर पाणी सुटून गेलेलं असतं आणि गॅस मात्र भरपूर होतो. सासूबाईंचं पोट फुगण्याचं एक कारण मात्र साधं आहे: सगळं एकाच आठवड्यात वाढलं.

किती फायबर लागतं? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते, तेही अन्नातून. अमेरिकेतल्या शिफारशीत पन्नाशीनंतर स्त्रियांना २१ आणि पुरुषांना ३० ग्रॅम धरलेत, कारण वयाबरोबर एकूण खाणं कमी होतं. पण जी व्यक्ती आज जेमतेम १० ग्रॅम खाते तिला मी लगेच २५ वर नेत नाही. आठवड्याला तीन-चार ग्रॅम वाढवायचे, पोट कसं आहे ते बघायचं, फुगलं तर आठवडाभर तिथेच थांबायचं. अंदाज यावा म्हणून: अर्धी वाटी शिजवलेल्या मसुरात सात-आठ ग्रॅम, एका मध्यम पेअरमध्ये सालासकट पाच-सहा, सफरचंदात चार-साडेचार, ४० ग्रॅम ओट्समध्ये चार, एक मोठा चमचा भरडलेल्या जवसात जेमतेम दोन. जवस भरडूनच द्यायचं. अख्खे दाणे बहुधा जसेच्या तसे बाहेर पडतात.

औषधासारखं काम करणारी दोन फळं मला आवडतात. सुकवलेले आलुबुखार, म्हणजे प्रून, यांत फायबरबरोबर सॉर्बिटॉल असतं, ते आतड्यात पाणी ओढून घेतं. २०११ सालच्या एका चाचणीत दिवसाला दोनदा ५० ग्रॅम प्रून देऊन त्यांची तुलना इसबगोलाशी केली. दोन्हीकडे फायबर सारखंच होतं, तरी प्रूनचा परिणाम जास्त चांगला निघाला. वयस्कांना मी दोन-तीन नग कोमट पाण्यात भिजवून देण्यापासून सुरुवात करतो, कारण एकदम जास्त दिले तर पोटात कळा येतात. मधुमेह असेल तर त्यांतली साखर हिशोबात धरा. दुसरं फळ म्हणजे हिरवी किवी, दिवसाला दोन. मऊ असते, कवळी असली तरी खाता येते, पोटही कमी फुगतं.

दातांचा विषय घरात सहसा निघत नाही, पण खाण्यातला चोथा कमी होतो तो बऱ्याचदा तिथूनच. दात पडले किंवा कवळी टोचायला लागली की माणूस न बोलता मऊ, पांढऱ्या, चाळलेल्या पिठाच्या पदार्थांवर येतो. कच्चं सॅलड अशा वेळी कामाचं नाही. नीट चावलं जात नाही आणि बशीत उरतं. भाजी, कडधान्य, डाळ मऊ शिजवून घोटून दिली तरी फायबर जात नाही. ते जातं गाळल्याने आणि साल काढल्याने. म्हणून सूप गाळू नका, फळांचा रस काढण्यापेक्षा फळ शिजवून किंवा कुस्करून द्या. आणि कवळी दंतवैद्याकडून बसवून घ्या.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. शरीरात पाणी पुरेसं असलेल्या माणसाने नुसतं जास्त पाणी प्यायलं तर ते लघवीवाटे जातं, मळ मऊ होत नाही. मात्र फायबर वाढवलं असेल तर पाण्याने फरक पडतो, आणि मुळातच कमी पिणाऱ्याला तर पडतोच. वयस्कांची तहान मंदावलेली असते. शिवाय रात्री लघवीला उठावं लागेल, अंधारात पडू, या भीतीने अनेक जण संध्याकाळपासून पाणी तोडतात. त्यावर मी पाण्याचा मोठा वाटा दुपारी चारच्या आत संपवायला सांगतो: सकाळी उठल्यावर एक ग्लास, नाश्त्याबरोबर एक, औषधांबरोबर भरलेला ग्लास, जेवणाबरोबर ताक किंवा सूप. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि पाणी मोजून सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाणी वाढवता येत नसेल तर इसबगोलही नको.

बसण्याची वेळ आणि पद्धत यांना खर्च काहीच नाही आणि फायदा मोठा. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, आणि सकाळच्या नाश्त्यानंतर ते सगळ्यांत जोरात असतं. नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांत, वाटो न वाटो, संडासात जाऊन पाच-दहा मिनिटं निवांत बसायचं. कमोडवर बसताना पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचं पाटासारखं काहीतरी ठेवा, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे वाका, कोपरं मांडीवर टेका. गुदाशयाला मागून दोरीसारखा ओढून धरणारा एक स्नायू असतो. या बैठकीत तो सैल पडतो आणि वाट सरळ होते. पाट हलणारा, घसरणारा नको आणि शेजारी धरायला दांडा हवाच. श्वास कोंडून कुंथू नका. त्याने रक्तदाब आधी चढतो आणि मग कोसळतो. म्हातारी माणसं संडासात चक्कर येऊन पडतात त्याचं हे एक मोठं कारण आहे. ज्यांना दुसऱ्याच्या मदतीने जावं लागतं ती माणसं अनेकदा संकोचाने कळ दाबून ठेवतात. कळ वारंवार दाबली की ती येईनाशी होते. त्यांना न विचारता, ठरल्या वेळी नेऊन बसवा आणि दार लोटून घ्या.

आणि औषधं. 'रेचकाची सवय लागते' या भीतीपायी कित्येक जण महिनोन्महिने कुंथत राहतात, ते मला बघवत नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, साधारण १७ ग्रॅम पाण्यात विरघळवून, वयस्कांतही दीर्घकाळ वापरता येते. ती शरीरात जवळपास शोषली जात नाही, मळात पाणी धरून ठेवते आणि एक ते तीन दिवसांत काम करते. लॅक्ट्युलोजही चालतं, पण गॅस जास्त होतो. ट्रामाडॉलसारखं औषध बंद करता येत नसेल तर त्याच्या जोडीला सेन्ना किंवा बिसाकोडिलसारखं आतडं हलवणारं औषध लागतंच. या औषधांनी आतडं कायमचं निकामी होतं ही जुनी भीती पुराव्याने सिद्ध झालेली नाही. तीन गोष्टी मात्र वयस्कांत टाळा. लिक्विड पॅराफिन, कारण ते चुकून फुप्फुसात गेलं तर एक चिवट न्यूमोनिया होतो. मूत्रपिंड कमजोर असताना मॅग्नेशियमची औषधं. आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेला फॉस्फेटचा एनिमा, ज्याने शरीरातल्या क्षारांचा तोल धोकादायकरीत्या बिघडू शकतो.

संडासवाटे रक्त, काळी डांबरासारखी संडास, काही कारण नसताना घटलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन, किंवा आयुष्यभर ठीक असलेल्या माणसाची सवय या वयात अचानक बदलणं, यांत घरगुती उपायांत दिवस घालवू नका. मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना, हे आधी बघावं लागतं. सासूबाईंचा त्रास पाच-सहा महिन्यांचाच आहे. तो औषधांच्या सुरुवातीशी जुळतो का ते आठवून बघा आणि जुळत नसेल तर कोलोनोस्कोपीचा विषय तुम्हीच काढा. पोट टम्म फुगून उलट्या होत असतील आणि वारासुद्धा सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तपासणीत गोळा नाही किंवा तो मोकळा झाला असं धरून मी असं करेन. पहिले एक-दोन आठवडे पॉलिइथिलीन ग्लायकॉलवर मळ मऊ करायचा आणि त्याच काळात औषधांचा फेरविचार करून घ्यायचा. ट्रामाडॉल थांबलं, संडास नियमित आली, की रोज सकाळी सपाट एक छोटा चमचा इसबगोल भरपूर पाण्यात, दर आठवड्याला एक चमचा वाढवत, जास्तीत जास्त दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास. एका वहीत तारीख, मळाचा प्रकार आणि जोर करावा लागला का, एवढंच लिहा. इसबगोलाचा खरा परिणाम कळायला चार आठवडे लागतात, त्याआधी निराश होऊन सोडू नका. ट्रामाडॉल चालूच राहणार असेल तर इसबगोल बाजूला ठेवा आणि रेचकावरच राहा.

हे सगळं करूनही चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर दोष फायबरच्या मात्रेत शोधू नका. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या १४९ रुग्णांच्या एका जर्मन अभ्यासात, ज्यांच्यात दुसरा दोष सापडला नाही अशा ८५ टक्के लोकांना फायबरने बरं वाटलं. पण ज्यांच्या आतड्याची गतीच मंद होती त्यांतल्या ८० टक्के आणि ज्यांची मळ बाहेर टाकण्याची क्रिया बिघडली होती त्यांतल्या ६३ टक्के लोकांना फायबरने काही फरक पडला नाही. या शेवटच्या गटात माणूस जोर करतो तेव्हा गुदद्वाराचा स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळला जातो. मळ मऊ असूनही कुंथावं लागणं, बोटाने मदत करावी लागणं या त्याच्या खुणा. पोटविकारतज्ज्ञ गुदाशयातला दाब मोजून किंवा पाण्याने भरलेला छोटा फुगा बाहेर ढकलायला लावून हे ओळखतात. त्यावर उपाय बायोफीडबॅकचा आहे: पडद्यावर आपल्याच स्नायूंचा आलेख बघत ते सैल सोडायला शिकायचं. सत्तरी ओलांडलेली माणसंही हे चांगलं शिकतात, फक्त स्मरणशक्ती ठीक हवी आणि शिकवणारा धीराचा हवा.